आंब्यातून गेलेली तार

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सिंहगड रस्त्यालगतच्या एका जुन्या बंगल्यांच्या सोसायटीत या ताई राहतात. अंगणातला रायवळ आंबा सासऱ्यांनी १९८७ साली, घर बांधलं त्याच वर्षी, कोय टाकून लावला. तेव्हा समोर कच्चा रस्ता होता आणि विजेचे खांब पलीकडच्या बाजूला होते. पुढे रस्ता रुंद झाला, खांब अलीकडे आले आणि तार आंब्याच्या एका अंगातून गेली. गेल्या वर्षी सोसायटीनं बोलावलेल्या माणसानं त्या बाजूच्या सगळ्या फांद्या सपाट छाटल्या. या वर्षी तिथूनच फुटव्यांचं रान माजलंय. गेल्या आठवड्यातल्या वळवात ठिणग्या उडाल्या आणि अर्धी गल्ली रात्रभर अंधारात राहिली. शेजारच्या काकांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागतं. त्यांचा मुलगा म्हणतो, झाड काढून टाका. ताईंचे यजमान म्हणतात, अर्जबिर्ज नको, रविवारी माणूस बोलावून गुपचूप अर्धं झाड उतरवू. ८१ वर्षांच्या सासूबाई म्हणतात, "माझ्यानंतर काय ते करा." ताई विचारतात: एका झाडासाठी मी साऱ्या गल्लीला वेठीला धरते आहे का?

ताई,

तुमचं पत्र वाचून आधी एकच गोष्ट करावीशी वाटली, ती म्हणजे तुमच्या यजमानांचा रविवार रद्द करणं. बाकीचं सावकाश बोलू. पण तो माणूस येणार असेल तर आजच फोन करून त्याला थांबवा.

तारेला लागलेल्या झाडावर कोयता घेऊन चढणारा माणूस बहुतेक वेळा अनवाणी असतो, घामानं भिजलेला असतो आणि त्याचा एक हात खोडाला असतो. ओली फांदी वीज वाहून नेते. तोडलेली फांदी खाली येताना दोन तारांवर आडवी पडली की शॉर्टसर्किट होतं, आणि तार तुटली तर ती कुणाच्या अंगावर पडेल हे कुणीच सांगू शकत नाही. माझ्या मामाच्या परसात शेवगा होता. शेंगा काढायला त्यानं लोखंडी सळईला आकडा बांधलेला होता आणि वर्षानुवर्षं तो त्यानंच शेंगा काढायचा. एका दुपारी सळई मागे तारेला टेकली. मामा वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या हातानं त्यानं पुढे तीस वर्षं जेवण केलं, आणि आम्ही मुलं ते पाहत मोठी झालो. म्हणून या विषयावर मी जरा कडक बोलते, ते समजून घ्या.

"डीपीवरचा फ्यूज मी काढून देतो, मग बिनधास्त तोडा," असं म्हणणारा कुणीतरी प्रत्येक गल्लीत असतो. त्याचं तर मुळीच ऐकू नका. लाइन बंद करण्याची एक रीत असते. महावितरणचा कर्मचारी परमिट घेतो, लाइन बंद झाल्याची खात्री करतो, तारा अर्थ करतो, म्हणजे जमिनीशी जोडतो, आणि मगच कुणाला वर जाऊ देतो. फ्यूज काढला तरी कुणाच्या तरी घरचा जनरेटर किंवा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर उलट्या बाजूनं तारेत वीज सोडू शकतो. ती अर्थिंगची पायरी त्यासाठीच असते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही विचारलंय, झाड ठेवू की गल्लीचा विचार करू? हा प्रश्न असा कुणी मांडला, हे मला जरा तपासून पाहावंसं वाटतं. पत्रात तुम्ही तारेची जागा ठरलेली धरली आहे आणि झाडाला मात्र एक तर राहायचं किंवा जायचं, एवढेच दोन पर्याय दिले आहेत. मला यातलं काहीच तितकं ठरलेलं वाटत नाही. अडचण आहे ती त्या एका अंगातल्या तीन-चार फांद्या आणि तारा यांच्यात अंतर उरलेलं नाही, ही. ते अंतर फांद्या मागे घेऊन मिळतं, तारेवर आवरण आणून मिळतं, आणि कधी कधी तार हलवूनही मिळतं. तुमच्या बाबतीत मला पहिले दोन मार्ग जोडीनं करावेसे वाटतात.

पण आधी तुमच्या आंब्यातून नेमकी कुठली तार गेली आहे ते बघा. जमिनीवरूनच, लांबून. एकाखाली एक अशा चार-पाच तारा खांबाला लावलेल्या असतील तर ती लघुदाब वाहिनी, म्हणजे घरोघरी जाणारी २३० व्होल्टची. तीन तारा खांबाच्या डोक्यावर आडव्या लोखंडी पट्टीवर, मोठ्या चिनी मातीच्या चिमण्यांवर, म्हणजे इन्सुलेटरांवर, बसवलेल्या असतील आणि खांबावर कवटीचं चित्र असलेली धोक्याची पाटी असेल, तर ती उच्चदाब वाहिनी. पुण्यात ती बऱ्याच ठिकाणी २२,००० व्होल्टची आहे, इतरत्र ११,००० ची असते. उच्चदाब तारेच्या बाबतीत फांदी टेकण्याचीही गरज नसते, पुरेशी जवळ आली तरी वीज उडी मारते. तिथं खासगी माणसानं काहीही करायचं नाही, एक काटकीसुद्धा नाही. तुमच्या वर्णनावरून, अर्धीच गल्ली अंधारात गेली त्यावरून, तुमची तार लघुदाबाची असावी असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकू शकतो, म्हणून शाखा कार्यालयातल्या माणसाकडून तो पक्का करून घ्या. लघुदाब म्हणजे निर्धोक असंही नाही. घरातल्या ज्या विजेनं माणसं दगावतात ती हीच.

वळवातच हे का होतं, हेही तुमच्या घरात सगळ्यांना कळू द्या, म्हणजे भांडण कमी होईल. एप्रिल-मेच्या उन्हात तार तापते, लांबते आणि मधोमध खाली झोळते. त्याच दिवसांत आंबा फळांनी लगडलेला असतो, पावसाची पहिली सर आली की पानं भिजून फांदी आणखी वाकते. म्हणजे जानेवारीत जे अंतर हातभर दिसत होतं ते मे महिन्यात दोन्हीकडून खाल्लं जातं. वर वारा. फांदीनं एका तारेला ढकललं की ती शेजारच्या तारेवर आपटते आणि ठिणग्या उडतात. न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार तुटली तर त्याहून वाईट, घरांमध्ये २३० च्या जागी जवळजवळ ४०० व्होल्ट शिरू शकतात आणि टीव्ही, फ्रीज एका रात्रीत जळतात. शेजाऱ्यांची तक्रार उगाच नाही, एवढं मान्य करूनच पुढे जाऊ.

गेल्या वर्षीच्या छाटणीबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय, "इतकी छाटली तरी वर्षभरात पुन्हा पोहोचली." ताई, इतकी छाटली म्हणूनच पोहोचली. फांदी मधूनच सपाट कापली की झाड घाबरल्यासारखं त्या टोकाशी दहा-पंधरा फुटवे काढतं, सगळे सरळ वर, सगळे एका हंगामात उंच. त्यांची पकडही कच्ची असते. मूळ फांदी लाकडात आतपर्यंत रुजलेली असते, हे फुटवे वरवरच्या थरात अडकवल्यासारखे असतात. वाऱ्यात पहिले तेच मोडतात, आणि तुमच्याकडे ते नेमके तारेवर मोडतात.

नीट छाटणी म्हणजे तारेकडे जाणारी फांदी मागे येत येत अशा बेचक्यापर्यंत कापायची, जिथून दुसरी, बऱ्यापैकी जाड फांदी तारेपासून दूर निघालेली आहे. ती फांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. मग झाडाची ताकद त्या दिशेला जाते आणि तारेच्या बाजूला फुटवे कमी येतात. झाड एका अंगानं थोडं बसकं दिसेल, पण जगेल आणि फळेल. जड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट चीर, मग थोडं पुढे वरून काप, आणि शेवटी खोडालगत जी फुगीर कड दिसते ती शाबूत ठेवून उरलेला खुंट काढायचा. खालून चीर दिली नाही तर फांदी पडताना सालीची लांबच लांब पट्टी खोडावरून सोलत नेते. मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट लावतात, मोरचूद आणि चुन्याची. आणि आंब्याचा चीक कातडी भाजतो, म्हणून कामाला असलेल्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सांगा.

याची वेळही महत्त्वाची. आंब्याला मोहोर येतो तो जुन्या, पक्क्या झालेल्या काड्यांच्या टोकाला, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत. दिवाळीच्या सुमारास छाटलं तर पुढच्या वर्षीची त्या अंगाची फळं गेली. फळं उतरली की लगेच छाटलं तर नव्या काड्यांना पक्कं व्हायला सहा महिने मिळतात. तेव्हा दोन टप्पे करा: आत्ता, पाऊस लागायच्या आत, फक्त तारेला टेकणारं तेवढं महावितरणकडून काढून घ्या. आणि फळं उतरल्यावर, पावसाची उघडीप बघून, त्या अंगाची रीतसर छाटणी.

फोन १९१२ वर करा. तो टोल फ्री आहे आणि तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. "झाड तारेला लागलंय" एवढं पुरेसं नाही. "ठिणग्या उडाल्या, अमुक खांबाजवळ" असं सांगा, खांबावर नंबर रंगवलेला असेल तर तोही द्या. शाखा कार्यालयात लेखी अर्ज, सोबत फोटो. पुण्यात गुरुवारी पाण्याची आणि पुष्कळदा विजेचीही देखभालीची कामं निघतात. तुमच्या भागात लाइन आधीच बंद राहणार असेल त्या दिवसाला तुमचं काम जोडून घेता येतं का, हे अभियंत्यांना विचारायला हरकत नाही. त्यांनाही वेगळं परमिट काढावं लागत नाही.

दुसरा अर्ज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, उद्यान विभागाकडे. यजमानांना वाटतं की झाड आपलं, अंगण आपलं, मग परवानगी कशाला. पण महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा खासगी जागेतल्या झाडालाही लागू आहे, आणि त्यात झाड "तोडणे" या शब्दाच्या व्याख्येतच जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. गुपचूप अर्धं झाड उतरवणं हे कायद्याच्या नजरेत तोडणंच होऊ शकतं, आणि गल्लीत एक जण जरी तुमच्यावर नाराज असला तरी तक्रार व्हायला वेळ लागत नाही. अर्जात शब्द नीट वापरा. "झाड काढणे" असं चुकूनही लिहू नका, "विद्युत वाहिनीकडील फांद्यांचा विस्तार कमी करणे" असं लिहा. महापालिकेत हाच शब्द चालतो आणि त्याच्यावरून पाहणीला येणारा माणूस काय बघणार ते ठरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा आहे, आणि झाड तोडायचं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची अट आली आहे. तुमचा आंबा २०३७ साली पन्नाशीचा होईल. सासूबाईंना हे सांगा, त्यांना आवडेल.

आता ते वाक्य, जे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय: "झाड आधीचं आहे, तार नंतर आली." मला त्यातला दुखावलेपणा कळतो. कायद्यालाही हा फरक कळतो. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६८ प्रमाणे तारेला अडथळा करणारं झाड काढण्याचा किंवा छाटण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी किंवा सरकारनं नेमलेला अधिकारी वीज कंपनीच्या अर्जावरून देऊ शकतो. आणि त्याच कलमात म्हटलंय की झाड तार टाकण्याआधीपासून उभं असेल तर मालकाला वाजवी भरपाई द्यावी. म्हणजे आधी कोण हा मुद्दा भरपाईपुरता चालतो, अडथळा तसाच ठेवण्यासाठी चालत नाही. शेजारच्या मुलासमोर तो मांडून उपयोग नाही, त्याच्या वडिलांचा श्वास त्या तारेवर आहे. तो मुद्दा योग्य जागी वापरा: महावितरणला द्यायच्या अर्जात. झाड १९८७ चं, खांब रस्तारुंदीत अलीकडे आले, जुना फोटो असेल तर सोबत जोडा, आणि मागणी करा की या गाळ्यात, म्हणजे तुमच्या दोन खांबांच्या मधल्या भागात, उघड्या तारांऐवजी एबी केबल टाकावी. ही आवरण असलेल्या, एकमेकींत पिळलेल्या तारांची केबल असते. पान टेकलं, फांदी घासली तरी लगेच शॉर्ट होत नाही. फांद्या वर्षानुवर्षं घासत राहिल्या तर आवरणही झिजतं, म्हणून छाटणी सुटत नाही, पण दरवर्षीच्या वळवातली धाकधूक जाते. ते होईपर्यंत उघड्या तारांमध्ये स्पेसर बसवून मागा, म्हणजे त्या वाऱ्यात एकमेकींवर आपटणार नाहीत. अर्जावर एकट्या तुमची सही नको, सोसायटीची हवी, आणि पहिली सही शेजारच्या त्या मुलाची असेल तर फार बरं.

त्याच्याकडे तुम्ही स्वतः जा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. तो झाडाचा वैरी आहे असं मला त्याच्या शब्दांतून वाटत नाही, तो रात्रभर जागलेला मुलगा आहे. त्याला एक गोष्ट हळूच विचारा: उद्या आंबा काढला, तरी पावसाळ्यात वीज जायची थांबेल का? फीडर, म्हणजे साऱ्या भागाला वीज आणणारी वाहिनी, बंद पडतो, भूमिगत केबल खोदाईत तुटते, डीपी जळतो. पाच लिटरच्या ऑक्सिजन मशीनला साधारण ३०० ते ४०० वॅट लागतात. घरगुती साइन वेव्ह इन्व्हर्टरवर, दीडशे एएचची बॅटरी नवी असेल तर, तीन-चार तास निघतात. रात्रभराला ते पुरत नाही, म्हणून भरलेला सिलिंडर घरात हवाच. किती मोठा, ऑक्सिजनच्या किती प्रवाहावर, ते त्यांच्या डॉक्टरांनी सांगायचं. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर त्या रात्री मशीन तुमच्या हॉलमध्ये लावा, असं सांगून या. झाडाच्या बाजूनं बोलायला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. पत्रात ओघात लिहिलंय की नातवंडं सुट्टीला आली आहेत आणि "अ‍ॅल्युमिनियमच्या आकडीनं" कैऱ्या काढतात. ताई, ती आकडी आज घरात घ्या. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात जवळचा धोका तोच आहे, आणि त्याला ना अर्ज लागतो ना परवानगी. वाळका बांबू चालतो, पण पावसानं भिजलेला नाही, आणि तारेच्या अंगाच्या कैऱ्या तर कशानंच नाही. त्या पडतील तेव्हा पडतील. खोडाला बांधलेली कपड्यांची तार, केबल आणि इंटरनेटवाल्यांनी फांदीतून ओढलेल्या वायरी, गणपतीत गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा, सगळं सोडवा.

पुन्हा ठिणग्या दिसल्या तर झाडाला हात लावायचा नाही, त्याखाली उभं राहायचं नाही. तार तुटून पडली तर निदान दहा मीटर लांब, तेरा-चौदा पावलं, आणि मुलांना आत. पडलेली तार शांत दिसते म्हणून ती मेलेली असते असं नाही, दुरून पुरवठा पुन्हा चालू केला जाऊ शकतो. तुम्ही जवळ असाल तर पाय न उचलता, फरपटत मागे सरका. जमिनीतही वीज पसरलेली असते आणि लांब टांग टाकली की दोन पायांमधून वाट मिळते. १९१२ आणि अग्निशमन दलाचा १०१.

तुमच्यासारखीच पत्रं येतात म्हणून इतरांसाठी दोन शब्द. नारळ तारेखाली असेल तर छाटणीचा मार्गच नाही. त्याला वाढणारं टोक एकच, शेंडा कापला की झाड मेलं, आणि चार-पाच मीटरची वाळकी झावळी एका वेळी सगळ्या तारांवर आडवी पडू शकते. तिथं वाहिनी हलवण्याचं एस्टिमेट मागावं, खर्च सोसायटीनं वाटून घ्यावा. गुलमोहर, सुबाभूळ आणि पर्जन्यवृक्ष वेड्यासारखे वाढतात, त्यांना दरवर्षी बघावं लागतं. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, पुण्यात वळवाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आडवे दिसतात त्यात तो बराच असतो. नवं लावणार असाल तर तारेखाली पारिजातक, तगर, कढीपत्ता, डाळिंब. गावाकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावं की शहराबाहेर १९६४ चा वेगळा वृक्षतोड कायदा आहे, आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही घरोघरची झाडं आहेत.

राहिल्या सासूबाई. छाटणीच्या दिवशी त्यांना माहेरी-बिहेरी पाठवू नका. अंगणात, पण कामाच्या जागेपासून चांगली लांब, खुर्ची टाकून बसवा. कुठली फांदी जाणार आणि कुठली राहणार ते आदल्या दिवशी त्यांना दाखवा, चुन्यानं खूण करा. आणि एक काम त्यांच्यावर सोपवा. यंदाच्या आंब्याच्या आठ-दहा कोयी टाकून न देता वाळूत पेरायच्या. रोप उगवून तांबूस पानांचं, दहा-पंधरा दिवसांचं झालं की ते कोय कलमाला तयार असतं. त्यासाठी त्याच आंब्याच्या, तारेपासून लांबच्या अंगाच्या, तीन-चार महिन्यांच्या काड्या लागतील. काडी कापायच्या आठवडाभर आधी तिची पानं देठ ठेवून काढायची. कृषी महाविद्यालयाच्या बाजूला, हडपसरकडे किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही रोपवाटिकेत कलम बांधणारा माणूस मिळेल. दहातली चार जगली तरी खूप. एक तुमच्या मागच्या अंगणात, जिथं वर फक्त आभाळ आहे तिथं. आणि एक शेजारच्या काकांकडे घेऊन जा.